आक्काच्या तळ्यातली लढाई

मोटारी भरणाऱ्या माणसानं मोटारीच भराव्यात. ज्याला जो हुन्नर आला तो त्यानं गुमान करावा आणि संध्याकाळी घरी जावं, असं केजमध्ये बस स्टँडमागच्या गल्लीत सगळ्यांचं मत होतं, आणि बंकटच्या बायकोचं तर सगळ्यांहून जास्त होतं. पण बंकटच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर निघायला तिथं दारच नव्हतं. यंदा पौषात त्याच्या डोक्यात युद्धनौका शिरली.

अहो, युद्धनौका. केजमध्ये. जिथं समुद्र म्हणजे मांजरा धरण, आणि तेही भरलं त्या साली.

तसा माणूस लाखात एक. धारूरच्या डोंगरकडेला वाढला, बापामागं शेरडं राखली. शाळा त्याला मानवली नाही आणि तो शाळेला. मग अंबाजोगाईला एका उस्तादाच्या हाताखाली मोटारी भरायला शिकला. म्हणजे विहिरीतली, बोअरमधली मोटार जळाली की तिच्यातली जळकी तांब्याची तार ओढून काढायची आणि नवी तार भरायची. आता पंचेचाळिशी आली, पोट सुटलं, पण हात अजून तसेच. उन्हाळ्यात त्याच्या दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी झापतो, मग मोटार घेतो. “जाळी कावून न्हाई बसवली बे? गाळ वढून मोटार मरती, अन् तुमी माझ्या नावानं बोंबलता.” लोक मान खाली घालून ऐकतात, कारण बंकटनं भरलेली मोटार परत जळत नाही.

तर झालं असं, की एका मोटारीचं व्हार्निश वाळत होतं आणि बंकट मोबाइलवर एक व्हिडिओ बघत बसला होता. परदेशातले पाचसहा पोक्त बाप्ये तळ्याच्या काठी रिमोट घेऊन उभे होते आणि पाण्यात त्यांची दोन-अडीच हात लांब जहाजं एकमेकांवर तोफा डागत होती. खोट्या नाही, खऱ्या. तोफेतनं लोखंडी छर्रे सुटत होते, जहाजाच्या अंगाचं पातळ लाकूड फोडून आत जात होते, भोकातनं पाणी शिरत होतं. जहाजात बारका पंप, तो पाणी बाहेर फेकणार. पंप हरला की जहाज बुडालं. खरोखर बुडालं, तळाला गेलं. आणि ज्याचं बुडालं तोच टाळ्या वाजवत होता. हे बघून बंकट हबकला. आपल्या हातानं बांधलेलं डोळ्यांदेखत बुडतंय आणि माणूस टाळ्या वाजवतोय, ह्याला काय म्हणावं?

त्यानं तो व्हिडिओ परत बघितला. मग परत. संध्याकाळी मोटारीचं गिऱ्हाईक आलं तर मोटार जिथल्या तिथं, आणि बंकट प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीनं फासळ्या काढत बसलेला.

सांगाडा प्लायवूडचा झाला. त्याच्यावर चढवायचं हलकं लाकूड ऑनलाइन मागवलं, इतकं पातळ की अंगठ्यानं दाबलं तर आत जाईल. मागं दोन पंखे, एक उजवा फिरणारा, एक डावा, कारण एका पंख्यावर जहाज नुसतं गोल गोल फिरायचं. त्यांना बॅटरीवरच्या ड्रिल मशीनच्या मोटारी. पाणी उपसायला गाडीची काच धुवायचा पंप. राहिली तोफ. तिच्यासाठी बंकटनं पाणी शुद्ध करायच्या मशीनमधला व्हॉल्व्ह काढला, फ्रिजची तांब्याची नळी जोडली आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत पंक्चरवाल्याकडनं हवा भरून आणली. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडणार, हवा सुटणार आणि नळीतला सायकलचा छर्रा बाहेर. कागदावर सगळं झकास होतं.

पहिली बाटली फुटली तेव्हा संगीता, म्हणजे त्याची बायको, मागच्या खोलीत भाकरी थापत होती. असा बार झाला की हातातली भाकरी तव्याऐवजी फरशीवर पडली. शेजारचे लोक सिलिंडर फुटला म्हणून पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आले. धुरळा बसल्यावर बंकट बाकाखालनं निघाला. एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण तोंडावर हसू होतं.

“हवा जरा जास्ती झाली,” तो म्हणाला.

संगीतानं फरशीवरची भाकरी उचलली. ती एवढंच म्हणाली, “मी जाती माहेरी. जहाजाला सांगा भाकरी करायला.”

ती गेली नाही, पण चार दिवस बोललीही नाही. बंकटच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, कारण त्याला दुसरीच चिंता लागली होती. तोफ उडाली की जहाज बहिरं व्हायचं. रिमोटवर काहीही दाबा, ऐकायचं नाही. सुकाणू आपलं आपण झटके द्यायचं आणि जहाज हौदाच्या भिंतीवर जाऊन आदळायचं. दुरुस्त केलेले पंप चालवून बघायला दुकानामागं हौद बांधलेला आहे, तिथं हा तमाशा रोज चालायचा. बंकटनं बॅटरी बदलली, रिमोट बदलला, तारा बदलल्या. जन्मभर कॉइली भरणारा माणूस, आणि आठवडाभर त्याला कळेना की दोष कॉइलीतच आहे. व्हॉल्व्हची कॉइल बंद होताना उलटी लाथ मारते, आणि ती लाथ जहाजातल्या रेडिओला बसत होती. कळलं तेव्हा त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. गव्हाच्या दाण्याएवढा डायोड कॉइलीवर आडवा लावला आणि जहाज शहाण्यासारखं ऐकायला लागलं.

आणखी एक गोष्ट त्या हौदात झाली. बंकटनं मुद्दाम जहाजाला भोक पाडून पंप बंद ठेवला होता, किती वेळात बुडतं ते बघायला. जहाज निम्मं खाली गेलं आणि थांबलं. जाईचना. हात घालून बघतो तर पाण्यात तरंगणारी दुधाची रिकामी पिशवी भोकावर जाऊन चिकटलेली. आत शिरणाऱ्या पाण्यानंच तिला ओढून तिथं दाबून धरली होती. “च्यायला, फुकटचा इंजिनीर,” म्हणत बंकटनं ती ओढून काढली आणि फेकून दिली.

ही सगळी खबर बंकटच्या दाजींना, म्हणजे त्याच्या आक्काच्या नवऱ्याला, सोमेश्वरला लागायला कितीसा वेळ? मेव्हण्याची चेष्टा करायची एकही संधी सोडली तर तो दाजी कसला.

“काय पाव्हणं,” फोनवर दाजी, “आरमार काढलं म्हणं? अन् लढाई कुणासंगं? हौदातल्या बेडकासंगं?”

“तुमी या की,” बंकट तापला. “दोन मिनिटांत बुडवतो तुमाला.”

“मग दे बांधून मला बी एक. एकट्याची लढाई कसली?”

झालं. बंकटनं दुसरं जहाज बांधलं. खोटं कशाला बोला, त्यात मेव्हणेपणा केलाच. आपल्याला नवं लाकूड, दाजीला उरलेले तुकडे. आपल्याला करडा रंग, दाजीला घराच्या खिडक्यांचा उरलेला पिवळा. दाजीचं जहाज जरा डावीकडं कलायचं, ते त्यानं तसंच ठेवलं. त्या परदेशी लोकांच्या जहाजावर दोरीचा गुंडा आणि एक बूच असतं. जहाज बुडालं की बूच वर तरंगतं, मग दोरी धरून जहाज वर ओढायचं. तेवढं मात्र दाजीच्या जहाजाला आठवणीनं बसवलं. आपल्याला नाही बसवलं. जे बुडणारच नाही त्याला बूच कशाला?

लढाई दाजीच्या शेततळ्यात ठरली. आता हे तळं कुणाचं, ते आधी सांगायला पाहिजे. सात-बाऱ्यावर ते दाजीचं असेल, पण होतं आक्काचं. बंकटची थोरली बहीण उज्ज्वला. धारूरकडचा तो माळ म्हणजे नुसता मुरूम, वरनं ओतलेलं पाणी खाली कधी गेलं कळत नाही. त्या माळावर तिनं मोसंबी लावली. गावानं वेड्यात काढलं. पहिली चार वर्षं झाडाला आलेलं फूल ती स्वतः खुडून टाकायची, झाड आधी बळकट होऊ दे म्हणून. यंदा पाचवं साल. यंदा तिनं पहिल्यांदा बहार धरला होता. लिंबाएवढाली हिरवीगार फळं लागली होती, आणि आक्का रोज सकाळी चहाच्या आधी बागेत एक फेरा मारून यायची. फळाला हात लावायची नाही, नुसती बघायची.

आणि त्या बागेचा जीव तळ्यात. विहीर संक्रांतीला तळ दाखवते. त्यामुळं पावसाळ्यात विहिरीतनं उपसून तळं भरून ठेवायचं आणि तेच पाणी मिरगाचा पाऊस पडेपर्यंत ठिबकनं झाडांना पुरवायचं. दुसरं पाणी नाही. मुरुमात पाणी टिकत नाही म्हणून तळ्याला आतनं सगळा काळा जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. तो अंथरताना आक्का स्वतः तळाशी उतरून अनवाणी पायांनी प्रत्येक घडी सारखी करत होती, खडा राहिला असेल तर वेचत होती.

चैत्रात एका रविवारी बंकट दोन्ही जहाजं जीपमध्ये घालून आला तेव्हा आक्कानं त्याला काठावरच अडवलं.

“खेळा काय खेळायचं ते. पर तळ्यात कुणी उतरायचं न्हाई. कागदावरनं घसरला की मानूस वर येत न्हाई, पाय लागायला काई नसतंय. अन् तुझे ते छर्रे कागदाला भोक पाडतील का?”

बंकट ह्याची तयारी करूनच आला होता. “न्हाई पाडत आक्का. कागदाचा तुकडा हौदात ठिवून बघितलंय मी. पाण्यात गेला की छर्ऱ्याचा दम जातो. मदी लढू, काठाला येणारच न्हाई.”

“इतकं बघितलंस?”

“मग. तुझ्या तळ्याला धक्का लागू देईन का मी?”

आणि हे त्यानं मनापासून म्हटलं होतं. आक्कानं त्याला लहानपणी कडेवर घेऊन शेरडं राखली होती. बंकट जगात कुणाला भीत असेल तर तिला, आणि कुणावर जीव असेल तर तिच्यावर.

लढाई सुरू झाली. दाजीला रिमोट नीट धरता येत नव्हता. त्याचं पिवळं जहाज डावीकडं कलून तळ्याच्या मधोमध नुसतं उभं. बंकटनं आपलं करडं जहाज झोकात वळवलं आणि जवळ जाऊन दोन छर्रे मारले. पिवळ्याच्या वर उचललेल्या अंगाला दोन भोकं. बंकटनं मिशीवर हात फिरवला. दाजीनं घाबरून बटण दाबलं आणि त्याचा एकुलता एक छर्रा करड्याला पाण्याच्या रेघेवर बसला.

एक भोक. एका भोकाला पंप सहज पुरतो. पण करड्याचा पंप पाणी फेकेना. आतल्या आत घुंई आवाज, बाहेर थेंब नाही. पिवळं जहाज दोन भोकं घेऊन थुंकत थुंकत तरंगतंय आणि करड्याचं नाक खाली चाललंय. बंकट बटणं दाबत राहिला. हौदात एवढ्या वेळा तपासलेला पंप. मग त्याला तळ्याच्या पाण्यावरचं शेवाळ दिसलं. हौदाचं पाणी निवळ होतं. इथं भोकातनं पाण्याबरोबर शेवाळ आत गेलं होतं आणि पंपाच्या तोंडाला त्यानं जाळी बसवली नव्हती. साऱ्या तालुक्याला जाळीवरनं झापणाऱ्या बंकटनं.

करडं जहाज शांतपणे बुडालं. वर दोन बुडबुडे आले.

दाजी आधी हातातल्या रिमोटकडंच बघत होता. मग त्याला कळलं की आपण जिंकलोय. तो जो हसत सुटला तो बांधावर बसला. “पाव्हणं,” डोळे पुसत म्हणाला, “जाळी कावून न्हाई बसवली बे?”

बंकटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तरातरा गोठ्यात गेला आणि तिथं खुंटीला टांगलेला गळ घेऊन आला. विहिरीत बादली पडली, घागर पडली की दोरीला बांधून सोडायचा तो लोखंडी आकड्यांचा झुबका. पूर्वी घराघरात असायचा. लहानपणी गावात कुणाचीही बादली पडली की बंकटला बोलावणं यायचं. गळ फेकायचा, सावकाश ओढायचा आणि हाताला अंदाज आला की हळूच झटका द्यायचा. पाण्यात पडलेली वस्तू काढायची म्हणजे गळ, हे त्याच्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायचं कामच नव्हतं. दाजीनंही अडवलं नाही. त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही. तोही विहिरीवरच वाढलेला.

बंकटनं गळ फेकला. जहाज बुडालं तिथनं पलीकडं, ओढ्याकडच्या बांधाच्या अंगाला पडू दिला, तळाला टेकू दिला आणि ओढायला लागला. अडकलं. जड लागलं.

“घावलं,” तो म्हणाला.

आक्का चहा घेऊन बांधावर चढत होती. तिनं दोरी बघितली. कप हातातच राहिले. “बंकट,” ती म्हणाली, “खाली कागद हाय.”

पण तोवर त्याच्या हातानं तो झटका दिला होता.

आवाज काही झाला नाही. दोरी एकदम सैल पडली आणि गळ अलगद वर आला. आकड्यांना काळ्या प्लास्टिकची हातभर रुंद चिंधी लोंबत होती. बंकट तिच्याकडं बघत राहिला. ते काय आहे ते त्याला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. जहाजाचा तर हा रंग नाही, असला काहीतरी बावळट विचार त्याच्या मनात आला. मग कळलं. छर्ऱ्याचं भोक पडंल का म्हणून कागदाचा तुकडा तपासून आलेला माणूस, आणि त्यानं स्वतःच्या हातानं आकडे टाकून कागद टराटरा फाडला होता.

दाजीचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं. तो उठला आणि बांधाच्या पलीकडं उतरला. आला तेव्हा त्याच्या चपला चिखलानं भरल्या होत्या.

“वढ्याला पानी लागलंय,” तो म्हणाला.

चैत्रात त्या ओढ्याला पाणी कुणी जन्मात बघितलं नव्हतं. बंकट धावत जाऊन बघतो तर बांधाच्या पायथ्यातनं मांडीएवढा लोट मुसंडी मारून बाहेर पडत होता. गढूळ, माती घेऊन. तो तसाच खाली बसला आणि दोन्ही तळवे त्या लोटावर दाबून धरले, जणू तेवढ्यानं थांबणार होता. पाणी बोटांच्या फटीतनं येत राहिलं.

वर दाजी म्हणत होता, “मोटार चालू करतो. हाय तेवढं झाडाला सोडू.”

“एका दिवसात दोन महिन्याचं पाजू का?” आक्काचा आवाज. “खाली जाईल सगळं.”

तेव्हा बंकटला दुधाची पिशवी आठवली.

तो बांधावर आला तेव्हा पाणी उतरून काळ्या कागदावर ओल्या पट्ट्याची रुंदी हातभर झाली होती. “आक्का, ताडपत्री दे. कडब्यावरची. मोठी.” मग कारण सांगितलं. पाणी भोकाकडं चाललंय. त्याच्या वाटेत ताडपत्री सोडली तर पाणीच तिला ओढून भोकावर दाबून धरील. दाजीनं विचारलं, नक्की का? बंकट म्हणाला, हौदात झालतं. यापेक्षा जास्त भरवसा त्याच्याजवळ नव्हता.

कडांना वाळूच्या पिशव्या बांधल्या. दगड नको, आक्का म्हणाली, दगडानं अजून फाटंल. दोन बाजूंनी दोऱ्या धरून ताडपत्री तळ्यात सोडली. पहिल्यांदा ती फुगून वरच तरंगली. ओढून परत सोडली. बुडाली, पण एक कोपरा खाली दुमडला, आणि पलीकडं ओढ्याला पाणी चालूच. दाजीनं दोरी ओढली, बंकटनं ओढली, कोपरा सुटेना. दुपार कलायला लागली. तळ्यातलं पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं.

बंकटनं शर्ट काढला.

“तू कुठं चालला?” आक्का म्हणाली.

“खाली जातो.”

“तुझं वजन ह्यांच्या एकट्याच्यानं वर निघंल का? दोघं बी दोरी धरा.” तिनं साडीचा काष्टा मारला, कमरेला मोटेचा नाडा, तो जाड दोर, बांधला. “तळ मला ठावं हाय. पायानं बघितलाय मी सगळा.”

“आक्का, नको.” बंकट आडवा आला. “तूच म्हनलीस, उतरायचं न्हाई.”

तिनं त्याला बाजूला सारलं. बसून, घसरत, ती पाण्यात गेली. लहानपणी दोघं एकाच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले होते; पण त्याला आता किती वर्षं झाली. तिनं दम घेतला आणि डोकं खाली गेलं. दोरी बंकटच्या हातातनं सरकत गेली. वर आली, दम घेतला, परत गेली. तिसऱ्यांदा गेली आणि दोरी थांबली.

बंकट थांबला. आता ओढावं का? आत्ताच ओढली तर ती हातातला कोपरा सोडून वर येईल. नाही ओढली तर? तो दाजीकडं बघत होता, दाजी पाण्याकडं. पाण्यावर काहीही हलत नव्हतं. गळ टाकताना ज्या हातांना विचारावं लागलं नव्हतं त्या हातांना आता काहीच सांगता येईना. भोकाची ओढ ताडपत्रीला दाबून धरील म्हणून आपणच सांगितलं, आणि ती ओढ माणसालाही धरील हे आपण बोललोच नाही, एवढं त्याला कळलं आणि तो जोर लावून ओरडत दोरी खेचायला लागला.

आक्का खोकत वर आली. दोघांनी तिला कागदावरनं ओढून काठावर घेतलं. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत साल निघाली होती. ती पालथी पडून बराच वेळ नुसता श्वास घेत होती.

“बसली,” ती म्हणाली. “हात लावला तर हात आत वढत होतं. आता बसली.”

दाजी ओढ्याकडं जाऊन आला. लोट थांबला होता. नुसता पाझर राहिला होता. बंकटला वाटलं आपण रडू, पण तेही येईना. तो तिच्या पायाशी बसून राहिला.

तळ्याच्या तळाला जेमतेम तिसरा हिस्सा पाणी उरलं होतं. आक्का ओल्या साडीनिशी बसून त्याच्याकडं बघत होती. ओठ हलत होते. ती काय हिशेब करतेय ते बंकटला कळत होतं आणि तिनं तो संपवूच नये असं वाटत होतं.

“झाडं जगतील,” ती शेवटी म्हणाली. “फळं न्हाई.”

“थोडी ठिवू,” दाजी म्हणाला.

“ठिवली तर झाडाचं पानी फळ पेतंय. मग झाड बी जातं अन् फळ बी.”

ती घरात गेली. बंकटला वाटलं, आता आत जाऊन पडेल, आता रडेल, आता बाहेर येऊन आपल्याला फाडून खाईल. तो वाट बघत उभा राहिला. ती कोरडी साडी नेसून आली, कोपराखाली हळद लावलेली, आणि हातात दोन रिकाम्या पाट्या. एक पाटी तिनं त्याच्या हातात दिली आणि बागेत शिरली. पहिल्याच झाडाची फांदी खाली घेतली, एक हिरवं फळ बोटांत धरलं, पिरगाळलं आणि पाटीत टाकलं. मग दुसरं.

“असं पिरगाळायचं,” ती म्हणाली. “वढायचं न्हाई. वढलं की साल निघती.”

बंकटला हलता येईना. ह्याच फळांना ती महिनाभर हात लावत नव्हती.

“आक्का, शिव्या दे मला,” तो म्हणाला. “दोन थोबाडीत मार.”

“मारल्यानं पानी चढंल का?” ती म्हणाली. “तोड. उजेड हाय तवर व्हायला पायजे. दाजी पलीकडनं येतेत.”

तो तोडायला लागला. फळं टणक होती, सहज निघत नव्हती, प्रत्येकाला पिरगाळावंच लागत होतं. पाटी भरली की बांधावर ओतायची आणि परत यायचं. आक्का पुढं पुढं जात होती, एकदाही मागं न बघता. उन्हं उतरली. बंकटच्या बोटांना हिरवा चीक लागून ती चिकट झाली होती. एका झाडाशी आल्यावर त्याला आत, पानांच्या दाटीत, एक फळ दिसलं. त्याच्याकडं हात गेला आणि थांबला. एका फळानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं, पानं वरून सारखी केली आणि पुढच्या झाडाकडं गेला.

थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. आक्का ओळीनं झाडं तपासत येत होती. त्या झाडापाशी ती थांबली, पानांत सरळ हात घातला, पिरगाळलं आणि ते फळ आणून त्याच्या पाटीत टाकलं.

“हे ऱ्हायलं होतं,” ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं गेली.